अण्णा भाऊ साठे : पाट्या वाचून शिकलेला लेखक

मराठीचा तास सुरू झाला, की आपल्यापैकी पुष्कळ मुलांच्या मनात धाकधूक होते. घरी आपण उर्दू बोलतो. उर्दूत नपुंसकलिंग नाही. त्यामुळे मराठीत निबंध लिहिताना 'माझा पुस्तक' लिहावे, 'माझी पुस्तक' लिहावे की 'माझे पुस्तक', असा प्रश्न पडतो. लाल शाईच्या खुणा पाहून मन खट्टू होते. आपल्याला कधीच चांगले लिहिता येणार नाही, असे वाटू लागते. अशा मुलांनी अण्णा भाऊ साठे यांचे चरित्र जरूर वाचावे.

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. वडिलांचे नाव भाऊराव आणि आईचे नाव वालुबाई. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव या खेड्यात झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे घराणे मातंग समाजाचे. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. शिवाय इंग्रज सरकारने कायदा करून या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. गावात चोरी झाली, की पहिला संशय यांच्यावर येई. अशा परिस्थितीत शाळा कशी मिळणार? तुकाराम शाळेत गेला, पण तेथे त्याला अपमानच सहन करावा लागला. त्याचे शालेय शिक्षण अवघ्या दीड दिवसात संपले.

गावात दुष्काळ होता. पोटाला अन्न नव्हते. शेवटी हे कुटुंब मुंबईकडे निघाले. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून सगळे पायीच निघाले. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल ते खायचे आणि पुढे चालायचे. तेव्हा तुकाराम अकरा-बारा वर्षांचा होता.

मुंबईत त्याने हमाली केली, कोळसे वेचले, फेरीवाल्याबरोबर कापडाचे गाठोडे वाहिले. पुढे तो कापडगिरणीत कामाला लागला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबईला जात असे, हे तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. कापूस पिकवणारे हात इकडचे असत आणि त्याचे सूत काढणारे हात तिकडचे. अण्णा भाऊंचे हातही अशाच कष्टकऱ्यांचे होते.

मुंबईनेच त्यांना अक्षरे शिकवली. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती पाहून ते एकेक अक्षर ओळखू लागले. न समजलेले अक्षर ते जाणत्याला विचारत. विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. अक्षरांचे शब्द झाले, शब्दांची वाक्ये झाली. पुढे त्यांनी मॅक्झिम गॉर्की या रशियन लेखकाची पुस्तके वाचली. गरिबांच्या जीवनावरही मोठे साहित्य लिहिता येते, हे त्यांना तेथे दिसले.

त्यांच्या लेखनाची सुरुवात मोठी मजेदार आहे. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहत असताना त्यांनी मच्छरांवर गाणे रचले, असे सांगतात. रात्रभर मच्छर चावत, झोप लागत नसे. दुसरा एखादा नुसता चिडला असता, अण्णा भाऊंनी त्याचेच गाणे केले. लिहायला विषय नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. विषय तर आपल्या अंगाला चावत असतात!

१९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. अमर शेख हे बार्शीचे मुसलमान शाहीर. त्यांचा पहाडी आवाज आणि अण्णा भाऊंची लेखणी एकत्र आली आणि कामगारांच्या वस्त्या जाग्या झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी गावोगाव लोकांना जागे केले. अण्णा भाऊ लिहीत आणि ते लगेच हजारो लोकांसमोर म्हटले जाई. श्रोत्यांना आवडले की टाळ्या पडत, नाही आवडले तर लोक चुळबूळ करीत. लेखकाला याहून चांगला परीक्षक कोठे मिळणार?

अण्णा भाऊ मुंबईत घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत. तेथेच त्यांनी कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. 'स्मशानातील सोनं' या त्यांच्या कथेतील भीमा हा खाणकामगार आहे. खाण बंद पडते, तेव्हा पोटासाठी तो प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो. त्यातच त्याच्या हाताची बोटे निकामी होतात. आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते! ही कथा वाचून डोळे पाणावतात. उपाशी माणसाचे मन लेखकाने स्वतः ओळखले होते, म्हणूनच ती इतकी खरी वाटते.

१९५९ साली त्यांची 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुष्काळात भुकेल्या लोकांसाठी धान्य लुटणारा आणि इंग्रजांशी झुंजणारा वीर तिचा नायक आहे. ज्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का होता, त्या समाजातील माणूस किती थोर असू शकतो, हे त्यांनी दाखवले. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली. तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. १९६१ साली ते रशियाला गेले आणि परत आल्यावर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. शाळेत दीड दिवस गेलेल्या या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

१९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी एक विचार मांडला. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर उभी आहे, असे पुराणात सांगितले आहे. ती खरे तर दलितांच्या व कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

कीर्ती मिळाली तरी गरिबी सुटली नाही. शेवटचे दिवस हालाखीत गेले. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २००२ साली भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. २०२२ साली मॉस्को शहरात त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

मुलांनो, अण्णा भाऊंना वही, वर्ग आणि शिक्षक मिळाले नाहीत. आपल्याला हे सगळे मिळाले आहे. मग एवढ्या-तेवढ्या चुकीला का भ्यावे? आज घरी जाताना रस्त्यावरच्या मराठी पाट्या वाचा. आपल्या मोहल्ल्याविषयी, अम्मीच्या कष्टांविषयी, अब्बांच्या दुकानाविषयी पाच ओळी लिहा. चुका झाल्या तर त्या वर्गात सुधारता येतील. पण त्या पाच ओळी तुमच्याऐवजी दुसरे कोणी लिहू शकणार नाही.