कर्नल सी. के. नायडू

नागपूर, अमरावती, अकोला या शहरांतील मैदानांवर आज कोठेही पाहिले, तरी मुले क्रिकेट खेळण्यात रंगून गेलेली दिसतात. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व ज्यांनी केले, ते अष्टपैलू खेळाडू कर्नल सी. के. नायडू हे याच विदर्भाच्या भूमीचे सुपुत्र होत.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगू भाषिक कुटुंबात झाला. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होते. पुढे १९०३ मध्ये वऱ्हाडही त्याच प्रांताला जोडण्यात आला. शाळेत असतानाच नायडूंना क्रिकेटची गोडी लागली. उंच बांधा, ताठ चाल आणि तीक्ष्ण नजर यांमुळे मैदानावर ते चटकन उठून दिसत. फलंदाजी, गोलंदाजी आणि क्षेत्ररक्षण या तिन्ही अंगांत ते निपुण होते.

त्या काळी मुंबईस युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान अशा चार संघांचे चौरंगी सामने होत. १९१६ साली नायडू हिंदू संघातून प्रथम खेळले. त्यांच्या पहिल्या धावा षटकारानेच निघाल्या, असे सांगतात. पुढे १९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी बोलावून सैन्यात अधिकारपद दिले. तेव्हापासून इंदूर ही त्यांची कर्मभूमी झाली.

१९२६ साली इंग्लंडचा एम. सी. सी. संघ भारतात आला. देशावर इंग्रजांचे राज्य होते आणि क्रिकेट हा त्यांचाच खेळ मानला जाई. हिंदू संघाशी त्यांचा सामना ज्या बॉम्बे जिमखान्यावर झाला, तेथे भारतीय माणसाला सभासदत्वही मिळत नसे. पाहुण्यांच्या गाय अर्ल याने ८ षटकार मारून १३० धावा केल्या. १ डिसेंबर रोजी नायडूंनी त्यास चोख उत्तर दिले. अवघ्या ११६ मिनिटांत त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यांत ११ षटकार व १३ चौकार होते. प्रेक्षकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. राज्यकर्त्यांच्या खेळात आपण त्यांच्या बरोबरीने उभे राहू शकतो, हा विश्वास त्या दिवशी लोकांना वाटू लागला. एम. सी. सी.नेही चांदीची बॅट देऊन नायडूंचा गौरव केला.

१९३२ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे नेतृत्व राजघराण्यातील पुरुषाकडेच असावे, अशी तेव्हा प्रथा होती. त्यानुसार पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार होते. परंतु लॉर्ड्सच्या कसोटीपूर्वी महाराजांनी आपल्या खेळाची मर्यादा ओळखून माघार घेतली. उपकर्णधारही जायबंदी झाले होते. त्यामुळे नेतृत्व नायडूंकडे आले. त्यांची कडक शिस्त काही सहकाऱ्यांना जाचक वाटे, म्हणून संघात कुरबूरही झाली. पण नायडू डगमगले नाहीत. २५ जूनला सामना सुरू झाला. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला दुखापत झाली, तरी पहिल्या डावात भारतातर्फे सर्वाधिक, म्हणजे ४० धावा त्यांनीच केल्या. भारत १५८ धावांनी हरला खरा, तथापि त्याच्या झुंजीची सर्वांनी वाखाणणी केली. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत नायडूंनी १६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांना देण्यात आले. तेव्हा नायडूंनी चाळिशी ओलांडली होती. ओव्हलच्या कसोटीत ॲलनचा वेगवान चेंडू त्यांच्या छातीवर आदळला आणि हातातील बॅट गळून पडली. क्षणभराने त्यांनी ती उचलली आणि खेळ पुढे चालू ठेवून ८१ धावा केल्या. पद गेले होते, पण खेळावरील निष्ठा तिळमात्रही कमी झाली नव्हती. हा त्यांचा सातवा आणि अखेरचा कसोटी सामना ठरला.

यानंतर त्यांनी होळकर संघाला देशातील बलाढ्य संघांच्या पंक्तीत नेऊन बसविले. वयाच्या पन्नाशीत त्यांनी रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात द्विशतक झळकावले. १९५१-५२ च्या हंगामात मुंबईच्या दत्तू फडकरांच्या उसळत्या चेंडूने त्यांचे दोन दात पडले. फडकर संकोचून सावकाश चेंडू टाकू लागले, तेव्हा पूर्वीच्याच वेगाने गोलंदाजी करण्यास नायडूंनी त्यांना बजावले आणि आपला डाव पुढे चालू ठेवला. साथीदारांकडून ते जी कणखरपणाची अपेक्षा करीत, ती प्रथम स्वतः पाळून दाखवीत. वयाच्या ६१ व्या वर्षीही ते उत्तर प्रदेशाच्या संघातून रणजी सामने खेळले.

१९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. तरुण खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेतील करंडकाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. राजकुळात जन्म न घेताही स्वतःच्या कर्तबगारीने नेतृत्व मिळविता येते आणि नेतृत्व गेले तरी कर्तव्य सोडायचे नसते, हा धडा नायडूंच्या चरित्रातून आपणांस मिळतो.