फोल्डिंग सायकलच्या छोट्या चाकामागचा मोठा माणूस : जॉन बॉइड डनलॉप

मी रोज घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस फोल्डिंग सायकलने जातो. ऑफिसात ती टेबलाखाली बसते. लोक दोनच गोष्टी विचारतात. दुमडायला किती वेळ लागतो, हा पहिला प्रश्न. दुसरा, एवढ्याशा चाकांवर पाठ दुखत नाही का? पहिल्याचं उत्तर तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत मिळेल. दुसऱ्याच्या उत्तरासाठी मात्र थेट १८८७ सालच्या बेलफास्टमध्ये जावं लागतं, एका गुरांच्या डॉक्टरच्या घरामागच्या अंगणात.

हो, गुरांचे डॉक्टर. डनलॉप म्हटलं की आपल्याला कारखाना आठवतो, पण जॉन बॉइड डनलॉप ना इंजिनिअर होते ना कारखानदार. जन्म ५ फेब्रुवारी १८४०, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावी, शेतकरी घरात. त्यांचा जन्म दिवस भरण्याआधीच झाला, असं घरच्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे ही समजूत त्यांच्या डोक्यात पक्की बसली आणि जन्मभर ते जपूनच वागले. (गंमत म्हणजे हा नाजूक माणूस ८१ वर्षं जगला.) एडिंबराला पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते १९ व्या वर्षी डॉक्टर झाले, १८६७ मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर त्यांचा दवाखाना इतका चालला की आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांत तो गणला जाई. त्या काळात घोडा म्हणजेच वाहन. त्यामुळे पेशंटची कमी नव्हती.

आता त्या वेळच्या सायकली कशा होत्या ते बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढे माणसाएवढं चाक आणि मागे टीचभर चाक, अशी सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. ते मोठं चाक शोसाठी नव्हतं. पायडल थेट चाकालाच जोडलेलं असायचं, त्यामुळे चाक जितकं मोठं तितका वेग जास्त. शिवाय मोठं चाक खड्ड्यात कमी घुसतं. टायर होते, पण भरीव रबराचे. १८८५ च्या सुमारास चेन लावून दोन सारख्या चाकांची सायकल आली आणि वेगाचा प्रश्न सुटला. धक्क्यांचा प्रश्न उलट वाढला, कारण चाकं लहान झाली होती. म्हणजे फोल्डिंग सायकलवाल्यांची जी तक्रार आज आहे, तीच तेव्हा सगळ्यांची होती.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी तेव्हा साधारण दहा वर्षांचा. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती आणि बेलफास्टच्या रस्त्यांवर दगड बसवलेले. आपल्याकडचे उखडलेले पेव्हर ब्लॉक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पोराचे काय हाल होत असतील ते कळेल. वडिलांनी रबराच्या पातळ पत्र्यापासून नळी बनवली, ती लाकडाच्या गोल चकतीवर बसवली आणि तिच्यात हवा भरली. मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यांनी टेस्ट घेतली! जॉनीच्या सायकलचं चाक एका हाताने आणि आपली हवेची चकती दुसऱ्या हाताने, दोन्ही अंगणातून घरंगळत सोडली. सायकलचं चाक मध्येच लवंडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून पार फाटकाच्या खांबाला आपटलं आणि उलटं उसळलं.

असं का झालं? भरीव चाकासमोर खडा आला की चाक, गाडी आणि माणूस सगळंच वर उचललं जातं. त्यात पुढे जाण्याची ताकद खर्च होते. हवेच्या टायरमध्ये खडा आत दबतो, तेवढीच जागा वाकते आणि पुन्हा सरळ होते. बाकी गाडी जागच्या जागी. म्हणून हवेचा टायर फक्त मऊच नसतो, तो जास्त पळतो सुद्धा. मऊ म्हणजे हळू असं आपल्याला वाटतं ना, ते इथे खोटं ठरतं.

हिशेबही सोपा आहे. मी आणि सायकल मिळून ८७ किलो, त्यातले साधारण ५२ किलो मागच्या चाकावर. टायरमध्ये ६० पीएसआय हवा असेल तर रस्त्याला टेकणारा भाग होतो जेमतेम १२ चौरस सेंटिमीटर, आगपेटीपेक्षाही लहान. हवा निम्मी केली की हा भाग जवळपास दुप्पट होतो. छोट्या चाकाला एवढा भाग टेकवण्यासाठी जास्त चपटं व्हावं लागतं, म्हणून हवा कमी असली की ते मोठ्या चाकापेक्षा जास्त जड चालतं. फोल्डिंग सायकल जड वाटली तर आधी हवा बघा. किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, आणि व्हॉल्व्ह मोटरगाडीसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही भरता येते.

पुन्हा डनलॉपकडे येऊ. २३ जुलै १८८८ ला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबरला पेटंट मिळालं. वर्षभरात विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने ते जाडे टायर लावून १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानात शर्यती मारल्या. चार शर्यती, चारही त्याच्या. हरलेल्यांमध्ये डब्लिनचे कागदाचे व्यापारी हार्वे ड्यू क्रॉस यांची मुलं होती. बापाने मुलांची समजूत काढत बसण्याऐवजी हे टायर विकायचं ठरवलं. कंपनी उभी राहिली, डनलॉप यांनी पेटंट तिच्या नावावर केलं आणि बदल्यात १५०० शेअर घेतले.

आणि मग १८९० मध्ये बॉम्ब पडला. पेटंट ग्राह्य नाही, असं कळवण्यात आलं. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट करून ठेवली होती. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना हवेची चाकं लावून त्याने ती चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा सायकली नव्हत्या, पातळ आणि चांगलं रबर मिळत नव्हतं, आणि घोडागाडीवाल्यांना त्याची गरज वाटली नाही. थॉमसन १८७३ मध्ये वारला. डनलॉप यांना त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. कुणी कुणाचं चोरलं नव्हतं, एवढं नक्की. माझ्या मते शोधाचं श्रेय थॉमसनलाच जायला हवं, आणि तो वापरात आणण्याचं डनलॉपना. पण कायद्याला असली वाटणी चालत नाही.

कंपनी वाचली ती दुसऱ्यांच्या पेटंटमुळे. डनलॉप यांचा मूळ टायर कापड आणि रबराने रिमला चिकटवलेला असे, त्यामुळे पंक्चर काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घालून तो रिमच्या खाचेत बसवायची युक्ती काढली, आणि टायर हाताने काढता-घालता येऊ लागला. कंपनीने ते हक्क विकत घेतले. तुमच्या सायकलचा टायर आजही याच पद्धतीचा आहे. आणि त्या तारेचा घेर नेमका किती, हीच गोष्ट फोल्डिंग सायकलवाल्यांना विसरून चालत नाही. २० इंची टायर दोन मापांत येतो, ४०६ आणि ४५१. १६ इंचीमध्ये ३०५ आणि ३४९. ब्रॉम्टनची चाकं ३४९ ची, त्यामुळे लहान मुलांच्या सायकलचा ३०५ वाला टायर कितीही ओढला तरी तिच्यावर चढणार नाही. ऑर्डर करताना इंच बघू नका, टायरवर ४७-४०६ असा जो आकडा असतो त्याचा फोटो काढून ठेवा.

डनलॉप मात्र या सगळ्यापासून लांब होत गेले. १८९२ मध्ये दवाखाना सोडून ते डब्लिनला राहायला गेले, पण १८९५ मध्ये संचालकपद सोडून त्यांनी बहुतेक शेअर विकून टाकले. नेमकं पुढच्याच वर्षी ड्यू क्रॉस यांनी कंपनी ३० लाख पौंडांना विकली आणि घेणाऱ्याने तीच लोकांसमोर ५० लाखांना आणली. एका वर्षाचं अंतर! स्टार्टअपच्या गोष्टी वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. डनलॉप यांनी नंतर डब्लिनमधल्या एका कापड दुकानाच्या धंद्यात लक्ष घातलं. त्यांचा दाढीवाला चेहरा कंपनीच्या मालावर झळकत राहिला, पण त्या कंपनीत त्यांचं काही उरलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर १९२१ ला थंडी बाधण्याचं निमित्त होऊन ते गेले. त्यानंतर चार दशकांनी, १९६२ मध्ये, ॲलेक्स मोल्टन या इंग्रज इंजिनिअरने १६ इंची चाकांची सायकल आणली आणि लहान चाक मोठ्यांच्या सायकलला चालतं हे दाखवून दिलं. त्यासाठी त्याला जास्त दाबाचे खास टायर हवे होते. ते बनवून दिले डनलॉप कंपनीने. आजच्या फोल्डिंग सायकली याच वाटेने आल्या.

आपल्याकडे हे नाव वेगळ्याच रस्त्याने पोचलं. १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना सुरू झाला, आणि लाकडी चाकांच्या जागी टायर बसवलेल्या बैलगाडीला खेड्यापाड्यांत लोक डनलॉप गाडी म्हणू लागले. तिला जुंपलेल्या बैलांना हे नाव एका गुरांच्या डॉक्टरचं आहे हे कोण सांगणार?