ऊ थांट : जगाच्या खुर्चीवरचा बौद्ध उपासक



सम्राट अशोकाचे नाव आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण आपल्याच काळात एक बौद्ध उपासक दहा वर्षे युनोचा सरचिटणीस होता, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव ऊ थांट. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब ज्या ब्रह्मदेशात, रंगूनला, जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, त्याच देशाचे हे सुपुत्र. विहाराच्या वर्धापनदिनी त्यांची ओळख करून द्यावी, असे आम्हाला वाटले.

त्यांचे नाव नुसते थांट. 'ऊ' म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्याला राव म्हणतात तसे. जन्म २२ जानेवारी १९०९, इरावती नदीच्या खोऱ्यातले पंतानव गाव. चार भावांत थोरले. ते चौदा वर्षांचे असताना वडील वारले. मग वारसाहक्काचे भांडण लागले आणि खाऊनपिऊन सुखी असलेले घर अडचणीत आले. विधवा आई आणि पाठचे तीन भाऊ. रंगूनला कॉलेजात गेले खरे, पण पदवीपर्यंत थांबायला घरची परिस्थिती नव्हती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून १९२८ साली गावी परतले आणि शाळामास्तर झाले. पुढे त्याच शाळेचे हेडमास्तर झाले. पदवी हातात नव्हती, पण वाचन कधी सोडले नाही. आमच्यासारख्या, शाळा अर्धवट सुटलेल्या माणसांना हे वाचून उभारी येते.

त्याच शाळेत ऊ नू यांच्याशी त्यांची मैत्री जमली. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, ऊ नू पंतप्रधान झाले आणि पुढे थांट त्यांचे सचिव झाले. १९५७ साली ते युनोत ब्रह्मदेशाचे प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला गेले.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबर १९६१ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस हॅमरशोल्ड हे कांगोच्या तंट्यासाठी जात असताना आफ्रिकेत विमान कोसळून मरण पावले. खुर्ची रिकामी झाली. ही खुर्ची भरायची रीत अशी : आधी सुरक्षा समितीने नाव सुचवायचे, मग आमसभेने नेमणूक करायची. सुरक्षा समितीत अमेरिका, रशिया, इंग्लंड, फ्रान्स आणि चीन या पाच राष्ट्रांना नकाराधिकार. पाचांतल्या एकानेही नाही म्हटले की नाव बाद! म्हणजे कोण सर्वांत लायक, याच्याआधी प्रश्न येतो तो कोण कोणाला नको याचा.

रशियाचे म्हणणे, एक सरचिटणीस नकोच, तिघे नेमा : एक भांडवलशाही गटाचा, एक साम्यवादी गटाचा, एक तटस्थांचा. तसे झाले असते तर प्रत्येक कामात तिघांची ओढाताण झाली असती. ट्यूनिशियाचे मोंगी स्लिम यांचे नाव पुढे होते. पण त्याच वर्षी बिझर्टच्या नाविक तळावरून फ्रान्स आणि ट्यूनिशिया यांची लढाई झालेली. थांट यांचीही वाट मोकळी नव्हती. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या समितीचे ते प्रमुख, म्हणून फ्रान्स नाराज. ब्रह्मदेशाची इस्रायलशी दोस्ती, म्हणून अरब देशांच्या मनात किंतु.

पण ब्रह्मदेश लहान देश, कुठल्याच लष्करी गटात नसलेला. अमेरिकेला आणि रशियाला, दोघांनाही हा माणूस चालण्यासारखा वाटला. सल्लागार किती आणि कोण, यावर आठवडेच्या आठवडे घासाघीस झाली. शेवटी ३ नोव्हेंबर १९६१ रोजी एकमताने नेमणूक झाली, तीही हंगामी, हॅमरशोल्ड यांच्या उरलेल्या मुदतीपुरती. सल्लागार निवडणे त्यांच्याच मर्जीवर राहिले. त्यांत रशियन होते, तसे अमेरिकेतल्या काळ्या समाजाचे सुपुत्र राल्फ बंच हेही होते.

युनियनच्या निवडणुकीत आम्ही हे पाहिले आहे. दोन गट भांडतात, आणि मग कोणालाच ज्याची भीती वाटत नाही असा तिसरा माणूस खुर्चीत बसवतात. बसवणाऱ्यांना वाटते, हा आपला बाहुला होईल. थांट बाहुले झाले नाहीत.

१९६२ साली त्यांचा मुलगा रंगूनला बसमधून पडून गेला. रोज ध्यान करणाऱ्या या बापाने ते दुःख धम्माच्या आधाराने सोसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्युबाचा पेच उभा राहिला. रशियाने तिथे क्षेपणास्त्रे नेली, अमेरिकेने समुद्रात नाकेबंदी केली. अणुयुद्ध दारात आले. २४ ऑक्टोबरला थांट यांनी केनेडी आणि क्रुश्चेव्ह या दोघांना संदेश धाडले, दोघांनाही थोडे थांबण्याची वाट काढून दिली आणि पुढे स्वतः हवानाला गेले. महिनाभरात, ३० नोव्हेंबरला, त्यांची पूर्ण मुदतीसाठी एकमताने नेमणूक झाली.

१९६५ च्या भारत-पाक युद्धात ते दोन्ही देशांत येऊन गेले. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिका नाराज होईल म्हणून ते गप्प बसले नाहीत, आणि ती नाराज झालीच. १९६७ साली इजिप्तच्या मागणीवरून त्यांनी युनोचे शांतिसैन्य मागे घेतले, पाठोपाठ युद्ध पेटले आणि जगभरातून टीका झाली. पण ते सैन्य इजिप्तच्या संमतीनेच तिथे होते. दुसऱ्याच्या भूमीवर ते जबरीने ठेवता येत नव्हते.

त्याच वर्षी ते लुंबिनीला गेले. तथागतांच्या जन्मस्थळाची अवस्था पाहून त्यांनी तिच्या विकासाचे काम जगापुढे मांडले. १९७० साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय समिती झाली. आज लुंबिनीला जाणाऱ्या प्रत्येक उपासकाने हे ध्यानात ठेवावे.

१९७१ अखेर त्यांनी खुर्ची सोडली, तिसऱ्यांदा घेतली नाही. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कला कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ब्रह्मदेशात ने विन यांची लष्करी राजवट होती. त्या सरकारने आपल्या थोर माणसाला शासकीय मान दिला नाही. पण विद्यार्थ्यांनी आणि भिक्खूंनी शवपेटी ताब्यात घेतली आणि विद्यापीठात नेऊन मानाने ठेवली. ११ डिसेंबरला लष्कर आत घुसले, पोरे मारली गेली. अखेर श्वेडगॉन पॅगोडाजवळ त्यांना पुरले. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर दुसरा आशियाई माणूस यायला २००७ साल उजाडले.

मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा आपण विहारात पाठ म्हणतो. उपेक्षा म्हणजे कुंपणावर बसणे असे काही जण समजतात. थांट यांचे आयुष्य वेगळे सांगते. मन कोणत्याच गटाकडे झुकू न देणे आणि अन्याय दिसला तर बोलणे, दोन्ही एकाच माणसाला जमते. आपल्यात गट-तट आहेत. कमिटीचा अध्यक्ष निवडतानासुद्धा आपण आधी विचारतो, हा कोणाचा माणूस? यापुढे, हा कोणापुढे वाकणार नाही ना, एवढेही विचारू या.

ऊ थांट यांना आमचे विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!