घर सांभाळणारा थोरला भाऊ

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हात चालतो तो पोळपाटावर. मग वाटले, आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी दोन भाऊ होऊन गेले. धाकट्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. थोरल्याविषयी आपल्यासारख्या घरातल्या बाईने चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

धाकटे म्हणजे समर्थ रामदास. थोरले गंगाधरपंत. त्यांना श्रेष्ठ म्हणतात. ठोसरांचे घराणे, वडील सूर्याजीपंत गावचे कुलकर्णी, आई राणूबाई. गंगाधरपंत १६०५ साली जन्मले, नारायण १६०८ च्या रामनवमीला. वडील लवकर वारले आणि ओठावर मिसरूड नसलेल्या थोरल्याच्या खांद्यावर घर आले. दप्तर, देवपूजा, विधवा आई आणि एक हूड भाऊ.

पुढची गोष्ट आपण सर्वजणींनी लहानपणी ऐकली आहे. १६२० साली आसनगावी लग्नाच्या बोहोल्यावर सावधान हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण निघून गेला. गोष्ट सांगणारा त्याच्यामागून नाशिकला, टाकळीला जातो. मांडवात मागे राहिलेल्यांकडे कोणी वळून पाहत नाही. वधूकडच्यांची समजूत कोणी घातली असेल? आईला धरून घरी कोणी आणले असेल? मला तरी तिथे गंगाधरपंतच उभे दिसतात.

त्यानंतर चोवीस वर्षे गेली. १६३० साली दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला, माणसे घरेदारे टाकून परागंदा झाली. १६३६ साली निजामशाही बुडाली. राजे बदलले तरी गृहस्थाला चूल बदलता येत नाही. गंगाधरपंत संसारातच राहिले, पण भक्तीत धाकट्याहून उणे नव्हते. वडिलांकडून रामोपासना आली होती, ती त्यांनी लोकांना दिली. आल्यागेल्याला ते उपदेश करीत. रामीरामदास या नावाने त्यांनी रचना केली. भक्तिरहस्य आणि सुलभोपाय हे त्यांचे ग्रंथ. दुसऱ्याच्या नावातच त्यांचा स्वभाव दिसतो. प्रपंच करणाऱ्या साध्या माणसाला झेपेल असा मार्ग त्यांना सांगायचा होता.

त्यांच्या पत्नी पार्वतीबाई. मुलासाठी रडून रडून राणूबाईंची दृष्टी गेली, असे सांगतात. आंधळ्या सासूला हात धरून अंगणात नेणे, तिचे पान वाढणे, तिचे डोके विंचरणे हे काम घरातल्या सुनेचेच. तीर्थाटन संपवून नारायण दारात गोसावी होऊन उभा राहिला तेव्हा सासूने सुनेलाच भिक्षा घालायला सांगितले, अशी कथा आहे. मग हा भिक्षा घेऊन जाणारा गोसावी नव्हे, असे तो बोलला आणि आईने आवाज ओळखला. त्याच्या स्पर्शाने तिला दिसू लागले, अशी श्रद्धा आहे.

इथे मला माझे सांगितले पाहिजे. माझे यजमान थोरले. आम्ही गावी सासूबाईंजवळ राहिलो, धाकटे भावोजी पुण्याला गेले. सासूबाई दोन वर्षे अंथरुणाला होत्या. घास मी भरवायची आणि त्या नाव भावोजींचे घ्यायच्या. भावोजी दिवाळीला आले की त्यांचा चेहरा उजळे. मला ते फार लागे. एकदा रागाने मी ताट आदळून बाहेर आले. यजमान काही बोलले नाहीत. ते आत गेले आणि आईला स्वतःच्या हाताने वरणभात भरवू लागले. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, पण राग गेला असे मी म्हणणार नाही.

सासूबाई गेल्यावर मी श्रेष्ठांचे चरित्र वाचले. दृष्टी आली ती धाकट्याच्या हाताने, चोवीस वर्षे हात धरला तो थोरल्याने. तरी श्रेष्ठांच्या मनात भावाविषयी किल्मिष नव्हते. दोघांचा लोभ अखेरपर्यंत राहिला. शके १५७७ मध्ये राणूबाईंचा अंत झाला. श्रेष्ठांनी शके १५९९ मध्ये दहिफळ येथे देह ठेवला. पार्वतीबाईही त्यांच्यापाठोपाठ गेल्या. रामचंद्र आणि श्यामजी ही त्यांची मुले पोरकी झाली, तेव्हा समर्थांनी त्यांना जवळ बोलावून घेतले. संसार न केलेल्या माणसाने थोरल्याच्या संसाराची काळजी वाहिली. पुढे समर्थांच्या संस्थानचा कारभार श्रेष्ठांच्याच वंशाकडे आला.

म्हणून जांबेला दर्शनाला जाल तेव्हा समर्थांना जरूर नमस्कार करा, आणि एक नमस्कार गंगाधरपंतांना व पार्वतीबाईंना करा. तुमच्या घरात असे कोणी न बोलता राबत असेल, तर ते आहेत तोवरच त्यांना दोन गोड शब्द बोला. मी यजमानांना अजून बोललेले नाही. ही स्मरणिका छापून आली की त्यांच्या हातात देणार आहे.