हवेचे वजन मोजणारा ब्लेझ पास्कल



मागे आमच्या वर्गात एक वाद रंगला होता. वर्गातल्या एका मुलाचे मामा मोटारसायकलवर लडाखला जाऊन आले. इथे घोड नदीच्या काठाने दोघांना घेऊन भुर्रकन पळणारी त्यांची गाडी तिकडे खारदुंगला खिंडीत पहिल्या गिअरमध्येसुद्धा कण्हत होती. मूठ पूर्ण पिळली तरी ओढ म्हणून नाही! कोणी म्हणाले पेट्रोल भेसळीचे असेल, कोणी म्हणाले थंडीने इंजिन आखडले असेल, कोणी म्हणाले चढच उभा असेल. गुरुजींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि सांगितले, की याचे खरे उत्तर ज्याच्यामुळे कळले त्या माणसाने मोटारसायकल कधी पाहिलीच नव्हती. तो वारल्याला साडेतीनशेहून जास्त वर्षे झाली. त्याचे नाव ब्लेझ पास्कल. आज आपण त्याचीच माहिती घेऊ.

पास्कलचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्स देशातील क्लेरमाँ या गावी झाला. तो तीन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. वडील एतिएन हे सरकारी करखात्यात अधिकारी होते आणि गणिताचे चांगले जाणकारही होते. पास्कलला दोन बहिणी होत्या. मोठी जिल्बेर्त आणि धाकटी जाकलीन. वडिलांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवले. मुलाची तब्येत नाजूक, त्याच्या डोक्याला ताण नको, आधी भाषा पक्क्या होऊ देत, म्हणून त्यांनी गणिताची पुस्तके कपाटात बंद करून ठेवली होती.

पण झाकून ठेवलेल्या वस्तूकडेच मुलांचे लक्ष जाते, हे पालकांना काय सांगावे! बारा वर्षांचा पास्कल एकटा बसून कोळशाने फरशीवर रेघा आणि वर्तुळे काढू लागला. त्रिकोणाचे तीनही कोन मिळून दोन काटकोन होतात, हे त्याने कोणी न शिकवता शोधले, असे त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. वडिलांनी ते पाहिले, त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी स्वतःच कपाट उघडून दिले.

पुढे वडिलांची बदली रुआँ या शहरी झाली. तिथे करवसुलीचे हिशेब करताना त्यांना रात्र रात्र जागावे लागे. बेरजेमागून बेरजा! ते पाहून एकोणीस वर्षांच्या पास्कलने १६४२ साली आकडेमोडीचे यंत्र करायला घेतले. त्यात दाते असलेली चाके होती. एक चाक नऊच्या पुढे गेले की शेजारचे चाक एका घराने सरकायचे. म्हणजे आपण बेरजेत जो हातचा धरतो, तो हे यंत्र आपला आपणच धरायचे. पहिल्या फटक्यात ते जमले नाही. मोडून पुन्हा करत त्याने पन्नासच्या आसपास नमुने केले, तेव्हा कुठे मनासारखे यंत्र तयार झाले.

आता हवेच्या गोष्टीकडे येऊ. विहिरीवर पंप बसवणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. उन्हाळ्यात पाणी खोल गेले, की काठावरचा पंप पाणी ओढेनासा होतो. मग पंप खाली पाण्याजवळ उतरवावा लागतो. शोषून पाणी साधारण दहा मीटरच्या वर चढवता येत नाही, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमीच चढते. युरोपातल्या पंपवाल्यांनाही तेव्हा हे माहीत होते, पण का ते माहीत नव्हते. मोठमोठे पंडित सांगत, की निसर्गाला रिकामी जागा खपत नाही, म्हणून पाणी वर धावते. मग ते दहा मीटरवरच का थांबते? याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

इटलीत टॉरिचेली नावाच्या शास्त्रज्ञाने पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून त्याने ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. टॉरिचेलीला वाटले, की बाहेरची हवा भांड्यातल्या पाऱ्याला वरून दाबते आणि तोच दाब नळीतला पारा तोलून धरतो. म्हणजे हवेलाही वजन आहे! पण हे पंडितांना पटेना.

पास्कलने १६४६ साली रुआँमध्ये हा प्रयोग करून पाहिला आणि त्याच्या मनात एक साधा विचार आला. आपण कडब्याची गंजी रचतो, तेव्हा तळाच्या पेंढ्या वरच्या ओझ्याने दबून घट्ट होतात आणि वरच्या मोकळ्या राहतात. हवाही तशीच थरावर थर रचलेली असेल, तर डोंगरावर गेल्यावर डोक्यावरचे थर कमी होतील. दाब कमी होईल. मग नळीतला पाराही खाली उतरला पाहिजे. उतरला नाही, तर आपले म्हणणे खोटे!

पास्कल स्वतः डोंगर चढू शकत नव्हता. पोटाच्या आणि डोक्याच्या दुखण्याने तो सतत बेजार असे. पण त्याच्या जन्मगावाजवळ पुई द डोम नावाचा १४६५ मीटर उंचीचा डोंगर होता. आपल्या तोरण्याहून थोडा उंच. आणि त्याच गावात जिल्बेर्तचे यजमान पेरिए राहत होते. पास्कलने १५ नोव्हेंबर १६४७ रोजी आपल्या या मेहुण्यांना पत्र लिहून काम सोपवले. डोंगरावरचे हवामान आणि मेहुण्यांचे नोकरीचे काम यांत दहा महिने गेले. अखेर १९ सप्टेंबर १६४८ हा दिवस उजाडला. त्या काळात आपल्याकडे तरुण शिवाजी महाराज स्वराज्याची घडी बसवत होते.

पहाटे शिखर ढगात होते, मग ते दिसू लागले. सकाळी गावातली पाच-सहा जाणती माणसे एका मठाच्या बागेत जमली. दोन नळ्या भरल्या. दोन्हींत पारा अगदी सारखा, आजच्या मापात सुमारे ७१२ मिलिमीटर भरला. एक नळी बागेतच ठेवली आणि मठातल्या एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला सांगितले. दुसरे सामान घेऊन मंडळी डोंगर चढली. माथ्यावर पुन्हा नळी भरली. पारा सुमारे ६२७ मिलिमीटरच भरला! मंडळी थक्क झाली. चूक नको म्हणून आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात असे मिळून पाच वेळा मोजले. दर वेळी तेच! खाली येऊन पाहतात तो बागेतला पारा दिवसभरात जरासुद्धा हललेला नव्हता.

मित्रांनो, ती खालची नळी विसरू नका. ती नसती, तर कोणीही म्हटले असते की त्या दिवशी हवामानच बदलले असेल. पुढे देकार्त या मोठ्या तत्त्वज्ञाने ही कल्पना आपणच सुचवली होती, असे सांगितले. पण पत्र लिहून, मापे घेऊन, छापून सगळ्यांपुढे पुरावा ठेवला तो पास्कलने.

आता मामांच्या मोटारसायकलकडे येऊ. पुई द डोमच्या चढात हवेचा दाब शेकडा बारा इतका कमी झाला होता. इंजिनाचे पोट मात्र बदलत नाही. दीडशे सीसीचे इंजिन खाली जेवढ्या मापाची हवा ओढते, तेवढ्याच मापाची वरही ओढते. पण पोते तेच असले, तरी दाबून भरलेला भुसा आणि सैल भरलेला भुसा यांत फरक असतोच ना! वरची हवा सैल, म्हणून त्या मापात प्राणवायू कमी. प्राणवायू कमी तर पेट्रोलही कमीच जळणार, आणि ताकद कमी मिळणार. साधारणपणे दर हजार मीटरला ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घटते. खारदुंगला पाच हजार मीटरांहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच असतो. म्हणजे वीस घोड्यांच्या गाडीचे दहा-अकरा घोडेच कामाला राहिले! मामांना धाप लागत होती तीही याच कारणाने.

जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला आणखी एक त्रास होतो. हवा विरळ झाली तरी जेटमधून पेट्रोल त्या मानाने कमी येत नाही. मिश्रण दाट होते, काळा धूर निघतो, प्लग काजळतो. मेकॅनिक मग बारीक भोकाचा जेट बसवतात. अलीकडच्या गाड्यांत पेट्रोल फवारणारी यंत्रणा हवेचा दाब मोजून पेट्रोल बेताने सोडते. त्यामुळे धूर होत नाही, पण गेलेली हवा काही ती परत आणू शकत नाही. ट्रकच्या इंजिनाला टर्बो असतो. तो हवा दाबून आत भरतो, म्हणून ट्रक घाटावर कमी दमतो. तेव्हा पेट्रोल भेसळीचे म्हणणारेही हरले आणि थंडी म्हणणारेही हरले!

पास्कलने आणखी एक नियम शोधला. बंद भांड्यातल्या द्रवाला एके ठिकाणी दाबले, तर तो दाब सगळीकडे सारखा पोचतो. मोटारसायकलचा डिस्कब्रेक, ट्रॅक्टरची मागची लिफ्ट, जेसीबीचा हात ही सगळी त्या नियमाची लेकरे आहेत. दाबाच्या एककाला १९७१ पासून पास्कल हेच नाव आहे. पुण्याच्या हवामान खात्यात आजही हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात.

१६५४ नंतर पास्कलचे मन धर्मचिंतनाकडे वळले. १६६२ साली पॅरिसमध्ये ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या भाड्यात प्रवासी नेणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, त्या त्याच्याच कल्पनेतून. आपल्या एसटीची ती पणजीच म्हणायची! त्याच्या घरी त्याने एका गरीब कुटुंबाला आसरा दिला होता. त्यातल्या मुलाला देवी आल्या. संसर्ग आपल्या भाच्यांना होऊ नये, तर मुलाला हलवा, असे कोणीही म्हटले असते. पण आजारी मुलाला हलवण्यात त्याच्या जिवाला धोका होता. म्हणून स्वतः आजारी असलेला पास्कलच घर सोडून बहिणीकडे गेला. तिथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो वारला.

ज्या डोंगरावरच्या प्रयोगाने त्याचे नाव झाले, त्या प्रयोगासाठी त्याला स्वतः वर जाता आले नाही. तरी विचार त्याचा होता आणि मोजायचे कसे हेही त्यानेच ठरवले होते. आपणही वर्गात वाद घालू तेव्हा नुसता आवाज चढवू नये. मोजून पाहावे, आणि एक नळी खाली ठेवावी. महाबळेश्वरच्या घाटात वडिलांची गाडी दमली, तर तिला शिव्या न देता गिअर खाली टाकायला सांगा आणि पास्कलची आठवण काढा.

या थोर शास्त्रज्ञाला आमच्या वर्गाचे विनम्र अभिवादन!