सालारजंग आणि आपल्याकडे न आलेली रेल्वे

सालारजंग म्हटले की आपल्याला हैदराबादचे म्युझियम आठवते. वास्तविक तो संग्रह मुख्यतः तिसऱ्या सालारजंगांचा, म्हणजे नातवाचा. मी लिहितो आहे ते आजोबांविषयी, आणि तेही आपल्या जिल्ह्याच्या अंगाने.

मीर तुराब अली खान हे त्यांचे मूळ नाव, जन्म 1829 चा. 1853 साली चुलते सिराज-उल-मुल्क वारले आणि वयाच्या 24 व्या वर्षी निजामाची दिवाणगिरी यांच्या गळ्यात पडली. तिजोरी रिकामी, सावकारांचे देणे डोक्यावर, आणि त्याच वर्षी फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलेले. पैनगंगेपलीकडचा मुलूख असा हातचा सुटला. सालारजंगांनी वसुलीचे मक्ते मोडून पगारी अंमलदार नेमले, 1865 साली जिलाबंदी केली. 1872 साली झालेला सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा त्याच व्यवस्थेतला. एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे त्याचे तालुके. आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचा उगम तो.

1857 साली त्यांनी इंग्रजांची बाजू धरली. त्याबद्दल कोणी त्यांना दूरदर्शी म्हणतो, कोणी दुसरे काही. मला ते जमाखर्च मांडून पाऊल टाकणारे गृहस्थ वाटतात. पण रेल्वेच्या बाबतीत हा हिशेब त्यांना सोपा गेला नाही.

मुंबईहून रायचूरकडे जाणारा लोहमार्ग 1871 साली पूर्ण झाला. तो वाडीवरून जातो, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको. सिकंदराबादला इंग्रजांची मोठी छावणी होती, तिथपर्यंत त्यांना रेल्वे हवी होती. पैसा मात्र निजाम सरकारचा! 1874 साली वाडी-सिकंदराबाद गाडी सुरू झाली. वाडीचे जंक्शन झाले, सरकारच्या डोक्यावर कर्जाचा भार आला, आणि उत्पन्न सुरुवातीला बेताचेच राहिले. 1876 साली सालारजंग वऱ्हाड परत मागायला विलायतेस गेले. वाटेत पॅरिसला जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले. ऑक्सफर्डने पदवी दिली, सत्कार झाले. वऱ्हाड काही मिळाले नाही.

यानंतर त्यांच्यासमोर आली ती चांद्याची योजना. वरोऱ्याला कोळशाच्या खाणी होत्या. हैदराबादची रेल्वे वरंगळमार्गे चांद्यापर्यंत न्यायची, म्हणजे गोदावरी ओलांडून आपल्या जंगलात शिरायचे आणि वर्धा ओलांडून बाहेर पडायचे. पावसाळ्यात नावा बंद पडल्या की दोन्ही अंगांनी कोंडल्या जाणाऱ्या या मुलखाला याचा अर्थ काय होता, हे इथल्या माणसाला समजावे लागत नाही. विलायती भांडवलदारांशी बोलणी चालू असतानाच 8 फेब्रुवारी 1883 रोजी सालारजंग कॉलऱ्याने वारले.

पुढे या योजनेवर हैदराबादेत मोठा गदारोळ उठला. अटी लोकांपुढे मांडा, एवढाच आग्रह धरणारे डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. त्यांची शंका खोटी नव्हती. त्याच वर्षअखेर करार झाला तेव्हा लंडनच्या कंपनीला 20 वर्षे पाच टक्के व्याजाची हमी निजामाच्या तिजोरीतून द्यायचे ठरले. हमी दिली, आणि रेल्वे गेली कुठे? पूर्वेला! 1889 साली ती बेझवाड्यास पोहोचली. चांद्याचा फाटा कागदावरच राहिला. या सौद्याची सुरुवात सालारजंगांच्याच हातची, हे त्यांच्या चरित्रकारांनी जरा हलक्या आवाजात सांगितले आहे, असे मला वाटते.

काझीपेट-बल्लारशा मार्ग पुरा व्हायला 1929 साल उजाडले. सालारजंगांना जाऊन तेव्हा 46 वर्षे झाली होती. मंचेरियालजवळ गोदावरीवर आणि बल्लारशाजवळ वर्धेवर पूल झाले, आणि दिल्ली-मद्रास हा सरळ रस्ता आपल्या दारावरून गेला. बेल्लमपल्लीच्या कोळशाला वाट मिळाली. सिरपूरजवळ कागदाची गिरणी निघाली आणि तिच्या नावाने कागझनगर वसले. आदिलाबादला मुदखेड-किनवटकडून लहान रूळ आले ते इथेच थांबले, पुढे पैनगंगा. आसिफाबाद 1905 पासून जिल्ह्याचे ठाणे असूनही त्याच्या वाट्याला आले ते आसिफाबाद रोड नावाचे स्टेशन. तिथे उतरले की गाव अजून बरेच लांब असते.