फोटो काढणं सोपं करणारा बँकेतला कारकून

आज मोबाईल समोर धरला, बोट लावलं की फोटो निघतो. उजेड किती, अंतर किती, याचा हिशेब कोणी करत बसत नाही. ज्या कॅमेऱ्यात माणसाला फक्त नेम धरायचा आणि बटण दाबायचं एवढंच काम उरतं, त्याला पॉइंट अँड शूट कॅमेरा म्हणतात. कॅमेरा लहान की मोठा, स्वस्त की महाग, यावर ते ठरत नाही. ही वाट पाडली अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमन यांनी.

त्यांचा जन्म १२ जुलै १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावातला. १८६२ मध्ये वडील वारले. आईनं रॉचेस्टर शहरात घरात भाडेकरू ठेवले, त्यांना जेवू घातलं आणि तीन लेकरं वाढवली. एक बहीण पोलिओनं अधू होती. चौदाव्या वर्षी जॉर्जची शाळा सुटली आणि विमा कचेरीत निरोप्याची नोकरी लागली, आठवड्याला पगार ३ डॉलर. पुढं १८७४ मध्ये ते बँकेत कारकून झाले.

चोविसाव्या वर्षी त्यांनी फिरायला जायचं ठरवलं. सोबत्यानं सुचवलं, फोटो काढून आण. ईस्टमन यांनी सामान घेतलं, तर ते एका माणसाला उचलायचं नाही एवढं निघालं. मोठा कॅमेरा, जड तिवई, काचा, रसायनांच्या बाटल्या, वर अंधार करायला तंबू. काचेवर रसायन लावायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. नुसतं शिकायलाच ५ डॉलर गेले. प्रवास तर राहूनच गेला, पण नाद लागला.

दिवसा बँक, रात्री आईचं स्वयंपाकघर. आधीच रसायन लावून ठेवता येतील अशा कोरड्या काचा करायचा प्रयोग तीन वर्षं चालला. दमून कधी चुलीजवळच झोपायचे. १८८१ मध्ये कंपनी निघाली. पैसा घातला हेन्री स्ट्राँग यांनी. ते घोडागाडीचे चाबूक बनवायचे आणि ईस्टमन यांच्या आईकडेच राहायचे. पुढं काचांचा एक माल खराब निघाला. ईस्टमन यांनी तो परत घेऊन बदलून दिला. नव्या कंपनीला हा मोठा फटका होता.

काचेच्या जागी गुंडाळी आली आणि १८८८ मध्ये कोडॅक नावाचा डबा बाजारात आला. नावाला काही अर्थ नाही, ईस्टमन यांनीच ते जुळवलं. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची गुंडाळी भरलेली. दोरी ओढायची, बटण दाबायचं, किल्ली फिरवून गुंडाळी पुढं सरकवायची. बघायला भिंगसुद्धा नाही, डब्यावरच्या रेघांनी नेम धरायचा. भिंग असं बसवलेलं की काही फुटांपलीकडचं सगळं आपोआप स्पष्ट यावं. बदल्यात भरपूर ऊन लागायचं. मांडवाच्या सावलीत तो डबा काही कामाचा नव्हता. गुंडाळी संपली की डबाच १० डॉलरसह रॉचेस्टरला पाठवायचा. फोटो धुऊन, नवी गुंडाळी भरून तो परत यायचा.

सोपा झाला, पण स्वस्त नव्हता. निरोप्या जॉर्जचा आठ आठवड्यांहून जास्त पगार त्यात गेला असता. ती अडचण सुटली १९०० मध्ये. फ्रँक ब्राउनेल यांनी ईस्टमन यांच्यासाठी ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा डबा तयार केला, किंमत फक्त १ डॉलर. मग लहान पोरंही फोटो काढू लागली.

सगळंच श्रेय एकट्या ईस्टमन यांचं नाही. पारदर्शक फिल्मच्या पेटंटसाठी हॅनिबल गुडविन नावाच्या पाद्र्यानं त्यांच्या आधी अर्ज केला होता. खटला वर्षानुवर्षं चालला, निकाल कंपनीच्या विरोधात गेला आणि १९१४ मध्ये ५० लाख डॉलर मोजावे लागले. तोवर गुडविन हयात नव्हते.

ईस्टमन यांनी लग्न केलं नाही. कमावलेला पैसा मात्र वाटला. एमआयटी या शिक्षणसंस्थेला तर स्मिथ असं खोटं नाव सांगून जवळपास २ कोटी डॉलर दिले. गरीब मुलांसाठी दातांचे दवाखाने काढले. म्हातारपणी मणक्याच्या दुखण्यानं त्यांना उभं राहणं, चालणं अवघड झालं. १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं. रॉचेस्टरमधलं त्यांचं राहतं घर आता फोटोग्राफीचं संग्रहालय आहे.